चार वाजता निघणारी

महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी अहल्या चार दिवसांनी मंदारशी पहिलं वाक्य बोलली, आणि तेही दोडक्यांबद्दल.

"जून आहेत. उद्याच्या सोळा भाज्यांत चालायचे नाहीत."

"बदलून आणतो," मंदार म्हणाला. पिशवी घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ तसाच उभा राहिला. पण ती पुन्हा पुरणाची डाळ निवडायला लागली होती. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तिने मान वर केली.

मंगळवारी दोघं टावर चौकाजवळच्या बँकेत गेले होते. उज्जैनमधल्या ऋषिनगरच्या या घरावर एक खोली चढवायची होती. लेक ऋचा नववीत गेली, तिला अभ्यासाला जागा हवी होती. कर्जाच्या अर्जाला दोघांच्या सॅलरी स्लिपा लागत होत्या. दोघं एकाच, माणिक सरांच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवत. एकाच वर्षी लागले होते, ती फिजिक्सला, तो मॅथ्सला, आणि दिवसाचे तासही दोघांचे पाच-पाचच. घरखर्च मंदारच्या खात्यातून चाले; त्या खात्यात किती येतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बँकेतल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अगदी सहज म्हणाला, "मैडम, लोन सर के नाम से ही बेहतर रहेगा. सर का आपसे डेढ़ गुना है."

अहल्याने नवऱ्याकडे पाहिलं. तो कागदाकडे पाहत होता. त्याला आश्चर्य वाटलेलं नाही, एवढंच तिला दिसलं.

"कधीपासून?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"तीन वर्षं झाली. माणिक सर म्हणाले, मॅडम चारला घरी जातात, तुम्ही आठपर्यंत थांबता. मी सांगणारच होतो तुला."

ती स्कूटरकडे चालू लागली. चार वाजता घरी जाऊन ती काय करते, हे त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं. तो त्याच घरात राहत होता.

*

फ्रीगंजच्या भाजीबाजारात मंदार कोवळे दोडके बोटांनी दाबून बघत होता तेव्हा क्लासच्या मालकांचा, माणिक सरांचा फोन आला.

"मंदारजी, बड़ी आफ़त हो गई. शाम की रैंकर बैच के फिजिक्स वाले सर आज छोड़ के चले गए. मैडम से पूछिए न, चार से आठ की बैच ले लेंगी क्या? कल संडे है, बारह बजे एक ट्रायल लेक्चर ले लें. पेरेंट्स भी बैठेंगे."

रँकर बॅच म्हणजे क्लासमधली सगळ्यात हुशार पोरं. त्या बॅचला शिकवणाऱ्याचा फोटो बाहेरच्या बोर्डावर लागे. अहल्याने ती बॅच दोनदा मागितली होती, आणि दोनदा तिला वेळेचं कारण सांगण्यात आलं होतं.

उद्या बारा वाजता घरी महालक्ष्म्यांचं जेवण. 'कल घर में पूजा है सर' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तिला कळलंही नसतं. मंदारच्या तोंडात ते वाक्य आलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी माणिक सरांच्या केबिनमध्येही हे असंच झालं होतं. खोटं काही बोलायचं नव्हतं, फक्त घरी जाऊन एक गोष्ट सांगायची नव्हती, बस.

"सर, आप उन्हीं को फोन कर लीजिए," तो म्हणाला. "नंबर आपके पास है."

"अरे, आप पूछ लेते तो..."

"नहीं सर. उन्हीं से बात कीजिए."

भाजीवाल्याने विचारलं, कितने तौलूँ. मंदारने पिशवीच पुढे केली.

*

फोन वाजला तेव्हा अहल्याचे हात पिठात होते. ऋचाने फोन उचलून स्पीकरवर लावला, म्हणून माणिक सर काय म्हणाले ते सगळ्या घराने ऐकलं. पुढच्या खोलीत देवश्री, मंदारची बहीण, धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या बसवत होती. ती सणासाठी तीन दिवस इंदूरहून आली होती. अहल्याच्या सासूबाई, सुलभाताई, मुखवट्यांसमोर स्टुलावर बसून तिला टाचण्या देत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसता येत नसे.

"मैं आऊँगी सर," आतून सुनेचा आवाज आला. "बारह बजे."

देवश्री टाचणी हातात धरून तशीच थांबली. "आई, उद्या बाराला?"

अहल्या हात पुसत बाहेर आली. "पुरण मी रात्री शिजवून ठेवते आई. सकाळी नऊपर्यंत भाज्या, कढी, आंबील सगळं होईल. पोळ्या तेवढ्या राहतील."

"तेवढ्या?" देवश्री म्हणाली. "वहिनी, वर्षातून एकदा येतात त्या घरी. क्लास काय, रोजच आहे. एक दिवस पुढे ढकल ना. ट्रायलच तर आहे."

"ढकलली तर ते दुसऱ्याला देतील."

"देऊ देत. सगळ्यांना सगळं मिळत नसतं. मी नाही सोडली नोकरी? निखिल झाल्यावर एक दिवसात सोडली. कोणी मला विचारलं नाही की आता बरी आहेस का." देवश्रीचा आवाज शेवटी भलताच बारीक झाला आणि ती पुन्हा निऱ्यांकडे वळली.

सुलभाताईंनी लेकीच्या पाठीकडे पाहिलं. ही गोष्ट तिने आईलासुद्धा आजवर सांगितली नव्हती.

एवढ्यात मंदार आला. ओट्यावर पिशवी ठेवून तो पुढच्या खोलीत आला, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून त्याला काय झालं ते कळलं.

"ती जाईल," तो म्हणाला. "आणि बॅच मिळाली तर सोमवारपासून चारला मी घरी येईन. चारनंतर माझ्याकडे फक्त डाउट सेशन असतो, पोरांच्या शंकांचा तास. आठवड्यातले तीन दिवस एकही पोरगा येत नाही. मी चहा पीत बसलेला असतो."

"चहा पीत," अहल्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई, मला वाटायचं तो तिथे थकून जातो म्हणून आठला आल्यावर मी त्याच्या हातात ताट देते. आणि त्या चहासाठी त्यांनी त्याला माझ्यापेक्षा दीडपट पगार लावलाय. तीन वर्षांपासून. मला मंगळवारी बँकेतल्या मुलाकडून कळलं."

मधुकरराव, मंदारचे वडील, खुर्चीत पेपर वाचत होते. सिंचाई विभागात बडे बाबू म्हणून सारी नोकरी काढलेला माणूस. घरातल्या वादात ते सहसा पेपर खाली करत नसत. आता त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो बाबा."

"आणि तू बोलला नाहीस."

मंदारने मान खाली घातली. मधुकररावांनी आणखी काही तरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि ते बोलले नाहीत. सुलभाताईंना नवल वाटलं. मुलाला झापायची एवढी चांगली संधी हे कधी सोडत नसत.

"उद्या अहल्या जाईल," त्या म्हणाल्या. "पोळ्या मी करीन. देवश्री लाटेल, मी स्टुलावर बसून भाजीन. ज्याला घाई असेल त्याने बाहेर जेवून यावं."

"पण आई, नैवेद्य बाराला..."

"बाराला त्यांना दाखवू. आपल्या पंगतीला काय घाई आहे? ती आल्याशिवाय या घरात कोणी बसणार नाही."

देवश्रीने टाचणीसाठी हात पुढे केला, आणि सुलभाताईंनी टाचणीच्या आधी तो हात क्षणभर आपल्या हातात धरून ठेवला.

*

मधुकररावांना पाचलाच जाग आली. शेजारची खाट रिकामी होती. स्वयंपाकघरात दिवा होता, आणि सुलभा स्टुलावर बसून पुरण चमच्याने हलवून बघत होती.

"एवढ्या सकाळी?"

"गूळ नीट आटलाय का बघत होते. तुम्ही का उठलात?"

ते ओट्याला टेकून उभे राहिले. कालपासून जे मनात होतं ते सांगायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.

"महिदपूरची ऑर्डर आठवते तुला?"

सुलभाताईंचा चमचा थांबला. महिदपूरच्या कन्याशाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांची बढती झाली होती. मंदार तेव्हा दहावीला होता आणि सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. बसने दीड-दोन तासांचा रस्ता. त्यांनी बढती नाकारली, आणि शेवटपर्यंत उज्जैनच्याच शाळेत सहाय्यक शिक्षिका राहिल्या. त्यांच्या मागून लागलेले दोन मास्तर त्यांचे साहेब होऊन रिटायर झाले.

"आठवते की. एवढी वर्षं झाली त्याला. ते मध्येच कशाला?"

"मी म्हटलं होतं, तू ठरव."

"हो. तुम्ही अडवलं नाही. मी सगळ्यांना सांगते तसं."

"सुलभा, मी तू ठरव म्हणालो, कारण तू काय ठरवशील ते मला माहीत होतं. आईचं कोण करणार, हे मी विचारलं नाही. मी करीन, असं म्हणता आलं असतं. माझं ऑफिस साडेपाचला सुटायचं, घर दहा मिनिटांवर. मी कोठीवरच्या ऑफिसातून चौकात जायचो, मित्रांबरोबर कचोरी खायचो आणि साडेसातला यायचो." ते थांबले. "आणि नकाराचा अर्जसुद्धा मीच लिहून दिला होता. माझी हिंदी ड्राफ्टिंग चांगली म्हणून. 'पारिवारिक कारणों से.' तू फक्त सही केलीस."

बाहेर दूधवाल्याची मोटारसायकल थांबली आणि पुढे गेली.

"काल मंदारला रागावणार होतो," ते म्हणाले. "तोंड उघडलं, आणि मला ते अक्षर दिसलं. माझंच."

सुलभाताईंना रडू येईल असं मधुकररावांना वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा एखादा जुना हिशेब नव्हे, जुना फोटो सापडल्यासारखा झाला होता.

"मला खुर्चीची हौस नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आले," त्या म्हणाल्या, "की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. हौस होती हो. मी त्या शाळेची इमारतसुद्धा एकदा बघून आले होते. तुम्हाला न सांगता. नणंदेकडे जाते म्हणून सांगितलं आणि बसने महिदपूरला गेले. मैदानात मोठं कडुनिंबाचं झाड होतं. त्याखाली प्रार्थना घ्यायची असं मी ठरवूनही टाकलं होतं."

मधुकररावांना हे माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नव्हतं.

"आता काय करू मी?" त्यांनी विचारलं. प्रश्न खरोखरीचा होता.

सुलभाताईंनी डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. "आता त्याचं काय करणार? भाज्या चिरा. सोळा आहेत. अहल्याला नऊपर्यंत अडकवून ठेवू नका; तिला तयारीला वेळ हवा."

सहा वाजता अहल्या उठून आली तेव्हा सासरे चष्मा लावून जमिनीवर बसले होते, आणि मोजपट्टीने आखल्यासारखे पडवळाचे एकसारखे तुकडे करत होते. तिने विळी घ्यायला हात पुढे केला.

"तू जा," ते म्हणाले. "वर्गात काय शिकवणार आहेस ते एकदा बघून घे. मी चिरतोय."

*

क्लासमध्ये अहल्या वरच्या हॉलमध्ये फळा पुसत होती. मंदार तिला सोडायला आला होता. तो तसाच माणिक सरांच्या केबिनमध्ये गेला. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. पगार कमी होईल, हेही त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

"सर, मैडम बैच लेंगी तो मुझे रोज़ चार बजे निकलना पड़ेगा. घर पर माँ-बाबूजी हैं, बिटिया है."

माणिक सरांनी हातातलं पेन ठेवलं आणि चेहरा उजळून म्हणाले, "अरे बिल्कुल निकलिए. आजकल कौन मर्द इतना सोचता है घर का. डाउट सेशन किसी जूनियर को दे देंगे."

"और सैलरी?"

"सैलरी का क्या? आपकी थोड़े ही काटूँगा. फैमिली मैन हैं आप."

मंदार उठला नाही. तीन वर्षं ज्या कारणावर त्याने विश्वास ठेवला होता, निदान ठेवल्यासारखं केलं होतं, ते कारण समोरच्या माणसाने किती सहज टेबलावरून पुसून टाकलं होतं. माणिक सर हसतच होते. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नव्हतं.

लेक्चर दीड तास चाललं. मंदार मागच्या बाकावर पालकांमध्ये बसला. बायकोला शिकवताना त्याने आजवर कधी पाहिलं नव्हतं. दोघांचे तास एकाच वेळी असत. फिरत्या खुर्चीवर बसून कोणी हात आत ओढून घेतले की खुर्ची जोरात का फिरते, हे ती पोरांकडूनच काढून घेत होती. उत्तर द्यायची तिला घाई नव्हती. एक मुलगा चुकला तेव्हा ती म्हणाली, "रुको, इसकी ग़लती अच्छी है, इसी से आगे चलते हैं," आणि खरंच त्या चुकीवरून ती पुढे गेली. शेजारच्या बाईंनी मंदारला विचारलं, "ये मैडम अब तक कहाँ थीं?"

जिन्यात त्याने तिला केबिनमधली गोष्ट सांगितली, एक शब्द न वगळता. ऐकताना ती कठड्याला धरून उभी राहिली.

"परत सांग. कापणार नाहीत?"

"नाही. उलट कौतुक केलं."

तिने खडूचे हात रुमालाला पुसले आणि एकटी आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

"बहुत बढ़िया मैडम, पेरेंट्स बहुत खुश हैं. कल से बैच आपकी. बैठिए न."

"सर, एक बात पूछनी थी. मुझे बताया गया था कि मैं चार बजे जाती हूँ, इसलिए मेरा पैसा कम है. कल से मंदार चार बजे जाएँगे और मैं आठ बजे तक रुकूँगी. तो अब?"

"देखिए, सेशन के बीच में..."

"उनका आप काट नहीं रहे, यह मैंने सुना. ठीक किया आपने. काटना चाहिए भी नहीं. पर इसका मतलब चार बजे वाली बात थी ही नहीं. जो थी, वह बता दीजिए."

माणिक सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. हे असं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"अगले महीने से दोनों का बराबर कर देता हूँ," ते शेवटी म्हणाले. "पिछला तो नहीं हो पाएगा."

"पिछला मैंने माँगा नहीं. पर अगले महीने वाला आज लिख के दे दीजिए. कल से बैच तभी लूँगी."

कागद घेऊन ती बाहेर आली. तिने तो मंदारला दाखवला नाही, पर्समध्ये ठेवला. दोघं स्कूटरवरून घरी निघाले.

"तीन वर्षं मी गप्प बसलो," सिग्नलला थांबल्यावर मंदार पुढे बघतच म्हणाला.

"हो."

"त्याचं काय करू?"

"मला माहीत नाही," अहल्या म्हणाली. "रोज चारला घरी ये. तिथून बघू." आणि सिग्नल सुटला तेव्हा तोल सावरायला तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या रस्त्यावर खड्डे नव्हते, तरी तिने तो काढला नाही.

*

अडीच वाजले होते. घरात कोणी जेवलं नव्हतं. महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याची ताटं होती आणि खोलीभर तुपाचा वास. देवश्रीचे केस पिठाने पांढरे झाले होते.

"मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली. बरोबरीने."

देवश्रीने तिला पीठ लागलेल्या हातांनीच मिठी मारली. "मी काल फालतू बोलले वहिनी."

"नाही बोललीस. निखिल झाला तेव्हा मीच फोन करायला हवा होता. मी डिंकाचे लाडू पाठवले आणि काम झालं समजले."

अहल्याने पर्स खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे वळली. दरवर्षी पहिल्या पंगतीला पुरुष, मुलं आणि सवाष्ण म्हणून बोलावलेली एखादी शेजारीण बसे. तिची आणि सासूबाईंची ताटं चार वाजता, उरलेल्या पोळ्यांवर.

"कुठे चाललीस?" सुलभाताई म्हणाल्या. "यंदा सवाष्ण तू आहेस."

"आई, घरचीच सून कशी चालेल?"

"मी बोलावली आहे ना? मग चालते."

मधल्या पाटाभोवती ऋचाने रांगोळी काढली होती. सुलभाताईंनी सुनेला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, आणि अहल्या बसली. एका बाजूला देवश्री, दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून सुलभाताई. मधुकररावांनी कढीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून आणलं आणि वाट्या अगदी काठोकाठ भरल्या. मंदार पोळ्या तव्यावर गरम करून आणून वाढत होता. मीठ वाढायचं राहिलं हे अहल्याला दिसलं आणि तिचा गुडघा आपोआप वर उचलला गेला. सुलभाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस. सापडेल त्याला."

मंदार आत गेला. दोन डबे उघडल्याचे, एक पडल्याचे आवाज आले. मग तो मीठ घेऊन आला.

पोळी एका बाजूने जाड झाली होती आणि मध्ये फाटून पुरण बाहेर आलं होतं. अहल्याने तुपात बुडवून पहिला घास घेतला. गरम होता. पोळी तव्यावरून थेट आपल्या ताटात आलेली तिने लग्नानंतर या दिवशी कधी खाल्ली नव्हती. सासरे कढीचं पातेलं धरून तिच्याकडे बघत उभे होते, जणू ती सगळ्या घराचा निकाल सांगणार आहे.

ती पोळी तिने सावकाश संपवली. मग मंदारकडे पाहून ती म्हणाली, "अजून एक वाढ."